देवळालीचे कापरेकर मास्तर

या स्मरणिकेत आपल्या शिक्षकांवर भरभरून लिहून येणार याची मला खात्री आहे, आणि ते यायलाच हवं. मी मात्र अशा एका गणिताच्या मास्तरांविषयी लिहायचं ठरवलं आहे, ज्यांच्या वर्गात आपल्यापैकी कुणीच बसलेलं नाही. आपली दहावीची बॅच १९९७ ची. हे मास्तर १९८६ सालीच गेले, तेव्हा आपण बालवाडीत पाटीवर गिरवत होतो. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. गणिताची आवड असणाऱ्यांना हे नाव नवं नाही. ज्यांनी दहावीनंतर गणिताला कायमचा नमस्कार केला, त्यांनीही '६१७४' हा आकडा कधीतरी ऐकलेला असेल.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. संशोधक नाही, लेखिका तर नाहीच. पण वीसेक वर्षं आकड्यांशी आणि आज्ञावलींशी झटापट केल्यावर ज्या माणसाविषयी माझा आदर वाढतच गेला, तो हा माणूस. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत साधारणपणे मोठी विद्यापीठं असतात, परदेशगमन असतं, प्रयोगशाळा असते, शेवटी पदकं असतात. कापरेकरांच्या चरित्रात यांतलं जवळजवळ काहीच नाही. एक गाव, एक शाळा, कागद आणि पेन्सिल. आणि या सगळ्याच्या आधी, विद्यार्थिदशेत मिळालेलं एक बक्षीस. त्या बक्षिसापाशी मी जरा जास्त रेंगाळणार आहे. त्याचं कारण पुढे कळेल.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. ते आठ वर्षांचे असताना आई गेली आणि वडिलांनीच त्यांना वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषावर आपला विश्वास असो वा नसो, पत्रिका मांडायची तर आकडेमोड पक्की लागते. ग्रहांचे अंश, कला, तिथ्या, सगळं हाताने काढायचं. वडिलांची ही आकडेमोड मुलाने उचलली. ज्योतिष बाजूला राहिलं आणि आकड्यांची गोडी लागली. ठाण्याला शाळेत असतानाच छोटी कोडी घेऊन ती सोडवण्यात, उत्तराची आणखी जवळची वाट शोधण्यात ते तासन्‌तास घालवत.

१९२३ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. फर्ग्युसन म्हटलं की गणिताच्या संदर्भात एक नाव अपरिहार्यपणे येतं, रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचं. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा मुलगा १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला आणि 'सीनियर रँग्लर' हा मान मिळवणारा पहिला भारतीय ठरला. पुढे त्यांनी अनेक वर्षं फर्ग्युसनचं प्राचार्यपद सांभाळलं. आपल्या पिढीला सांगायचं तर सई परांजपे यांचे ते आजोबा. त्यांच्या नावाने गणिताचं एक पारितोषिक दिलं जाई आणि ते १९२७ मध्ये कापरेकरांना मिळालं.

हे पारितोषिक गुणांसाठी नव्हतं. विद्यार्थ्याने गणितात स्वतः केलेल्या नव्या कामासाठी ते होतं. नेमलेल्या पुस्तकातली उदाहरणं किती बरोबर सोडवली हा प्रश्नच तिथे नव्हता. तू स्वतःला कोणता प्रश्न विचारलास आणि त्याचं काय केलंस, एवढंच तिथे पाहिलं जाई. बी.एस्सी. व्हायला अजून दोन वर्षं अवकाश असलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला महाविद्यालयाने सांगितलं, की तुझ्या स्वतःच्या प्रश्नालाही किंमत आहे.

आजच्या भाषेत याला पदवी विद्यार्थ्यांचं संशोधन म्हणतात. आपली मुलं आता त्या वयाची होऊ लागली आहेत, म्हणून हा शब्द आपल्या घरात ऐकू येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या संस्थेत जाऊन दोन महिने काम करायचं, एखादा छोटा प्रश्न घ्यायचा, त्याचा माग काढायचा. कुणी बेडकांचे आवाज नोंदवतं, कुणी विहिरींचं पाणी तपासतं, कुणी गणितातलं एखादं अनुमान थोडंसं पुढे ढकलतं. पण ही कल्पना नवी नाही. कापरेकरांना परांजपे पारितोषिक मिळालं त्याच सुमारास तिकडे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात सुब्रह्मण्यन चंद्रशेखर नावाचा मुलगा शिकत होता. बी.एस्सी. ऑनर्सचा विद्यार्थी असतानाच त्याचा शोधनिबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १९२९ मध्ये छापून आला. तो पुढे केंब्रिजला गेला, ताऱ्यांच्या शेवटाविषयी त्याने जे सांगितलं ते आज पाठ्यपुस्तकात आहे, आणि १९८३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळालं.

त्याच १९२९ मध्ये कापरेकर बी.एस्सी. झाले आणि त्याच वर्षी नाशिकजवळच्या देवळालीत गणिताचे शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढचं पदव्युत्तर शिक्षण त्यांनी कधी घेतलं नाही. म्हणजे विद्यार्थिदशेतल्या संशोधनाच्या दोन वाटा इथे समोरासमोर दिसतात. एक वाट केंब्रिजला गेली आणि दुसरी देवळालीच्या शाळेत. दुसऱ्या वाटेचं पुढे काय होतं, हा मला अधिक महत्त्वाचा प्रश्न वाटतो, कारण शंभरातली नव्व्याण्णव मुलं त्याच वाटेने जातात.

देवळाली म्हणजे तेव्हाची गोऱ्या फौजेची छावणी. मायदेशी परतणारे शिपाई बोटीची वाट पाहत इथे महिनोन्‌महिने पडून राहत आणि काहींचं डोकं फिरे. त्यावरून इंग्रजी भाषेत वेड लागण्याला 'डूलॅली' हा शब्दच रूढ झाला. तो देवळाली या नावाचा अपभ्रंश आहे. अशा गावी हा तरुण मास्तर येऊन राहिला आणि त्यालाही वेड लागलं, पण ते आकड्यांचं. १९२९ पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत, तेहतीस वर्षं, ते देवळालीतच शिकवत राहिले. ते चांगले शिक्षक होते. स्वतःला वाटणारी आकड्यांची गंमत ते वर्गात नेत, आणि आसपासची महाविद्यालयंही त्यांना व्याख्यानाला बोलावत.

पहिला मोठा विषय त्यांना रेल्वे स्टेशनावर सुचला. मुंबईपासून तीस मैलांवरच्या डोंबिवली स्टेशनावर, त्या काळच्या जी.आय.पी. रेल्वेवर, एका प्रकारच्या संख्यांचा विचार त्यांच्या डोक्यात आला आणि स्टेशनच्या जुन्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना 'डेम्लो संख्या' असं नाव दिलं. त्यातल्या सर्वांत देखण्या संख्या आपण सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. चढत जायचं आणि तसंच उतरायचं. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला तर १ पासून ९ पर्यंत चढून पुन्हा १ पर्यंत उतरणारी सतरा अंकी संख्या मिळते. डोंबिवलीकरांनी हे लक्षात ठेवावं. गर्दीत गाडीची वाट पाहताना आपण मोबाइल पाहतो, त्याच फलाटावर एका माणसाला आयुष्यभराचा विषय सापडला होता.

१९३८ मध्ये या संख्यांवरचं त्यांचं टिपण 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या भारतीय नियतकालिकात आलं. पण सगळंच कुणी छापत नसे. मग ते पदरचे पैसे घालून पुस्तिका छापत. मुखपृष्ठावर 'खासगी प्रकाशन, देवळाली' अशा अर्थाचा मजकूर असे. शाळामास्तराच्या पगारात हे करणं म्हणजे काय, हे आपल्या शिक्षकांना मी सांगायला नको. शिवाय देशातले अनेक गणिती त्यांच्या कामाला हसत. हे कसलं गणित, ही तर आकड्यांची करमणूक, असं त्यांचं म्हणणं असे.

त्या हसणाऱ्यांची बाजू मला समजते, म्हणून ती नीट मांडते. कापरेकरांचे बहुतेक शोध संख्या कशी लिहिली जाते यावर अवलंबून आहेत. आपण दहाच्या पायावर संख्या लिहितो कारण आपल्याला दहा बोटं आहेत. बारा बोटं असती तर ६१७४ ची ही सगळी नक्षी बदलली असती. संख्या मूळ असते, तिचं लिखाण हा नुसता पोशाख, आणि पोशाखाचा अभ्यास म्हणजे गणित नव्हे, असा तो आक्षेप. तो अगदीच पोकळ नाही. पण आम्ही संगणकवाले दोनच्या आणि सोळाच्या पायावर रोज संख्या लिहितो आणि आमचं पोट त्या पोशाखावरच चालतं. त्यामुळे मला हा आक्षेप पुरता पटलेला नाही.

आता ६१७४ कडे येते. १९४६ च्या सुमारास त्यांना हे सापडलं आणि १९४९ मध्ये मद्रासला भरलेल्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडलं. करायचं इतकंच. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहानात लहान करा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावून ते चार अंकी धरा. आपल्या दहावीचं वर्ष घेऊ:

९९७१ − १७९९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहतं, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की ६१७४. तुमचं जन्मवर्ष घ्या, घराचा नंबर घ्या, गाडीचा नंबर घ्या. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ ला पोचता. कापरेकरांचं स्वतःचं जन्मवर्ष १९०५ घेतलं तर बरोबर सात लागतात. स्नेहसंमेलनाच्या जेवणाच्या पंगतीत करून पाहा.

मी यासाठी आठ-दहा ओळींची आज्ञावली लिहिली. ०००० ते ९९९९ अशा दहा हजार संख्या तिने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तपासल्या. सारख्या अंकांच्या दहा सोडल्या तर उरलेल्या ९९९० संख्या झाडून सगळ्या ६१७४ ला येतात. त्यांतल्या ३८३ एका वजाबाकीत पोचतात, सर्वांत जास्त म्हणजे २४०० तीन वजाबाक्यांत, आणि २१८४ संख्यांना पूर्ण सात लागतात. माझ्या संगणकाने जे क्षणात केलं, त्यातलं सार एका माणसाने कागदावर वजाबाक्या करून शोधलं होतं. शिवाय संगणकाला काय तपासायचं ते मी सांगितलं म्हणून त्याने तपासलं. अशी वजाबाकी करून पाहावी, हे आधी कुणाला तरी सुचावं लागतं.

याचं कारणही शाळेतल्या बीजगणिताने कळतं, म्हणून ते देते. चार अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड मानू. मोठीतून लहान वजा केली की उत्तर येतं (अ − ड) ची ९९९ पट अधिक (ब − क) ची ९० पट. म्हणजे चार अंक कोणते याच्याशी उत्तराला देणंघेणं नाही. बाहेरच्या दोन अंकांतला फरक आणि आतल्या दोन अंकांतला फरक, एवढे दोनच आकडे पुरतात. पहिला फरक १ ते ९ मधला काहीही, दुसरा ० पासून पहिल्याइतका. अशा जोड्या मोजल्या तर भरतात अवघ्या ५४. म्हणजे ९९९० संख्यांची ही जत्रा पहिल्याच वजाबाकीनंतर ५४ संख्यांवर येते. त्या ५४ एका बैठकीत हाताने तपासता येतात. पहिला फरक ६ आणि दुसरा २ असला की उत्तर ६१७४, आणि सगळ्या वाटा शेवटी तिथेच येऊन मिळतात. नववीतल्या मुलाला एक दुपार दिली तर तो हे पूर्ण सिद्ध करू शकतो.

आणि मग त्याला पुढचे प्रश्न आपोआप पडतात. तीन अंकी संख्यांचं काय? तिथे ४९५ येते. दोन अंकी? तिथे एक मुक्काम नाही, तर ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असं चक्र आहे. पाच अंकी? तिथेही एकच मुक्काम नाही, तीन वेगवेगळी चक्रं आहेत. दहाऐवजी दुसरा पाया घेतला तर? इथे मात्र शाळेचं गणित संपून खरं संशोधन सुरू होतं. १९७८ मध्ये हेल्मुट हासं या विसाव्या शतकातल्या थोर जर्मन संख्याशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्याबरोबर, कोणकोणत्या पायांवर चार अंकी संख्यांना असा एकच मुक्काम मिळतो, याचा निबंध 'क्रेल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. गणितातल्या सर्वांत जुन्या आणि मानाच्या नियतकालिकांपैकी ते एक. निबंधाच्या शीर्षकातच कापरेकरांचं नाव होतं, आणि ते तेव्हा हयात होते.

त्यांच्या इतर शोधांपैकी मला प्रिय असलेले तीन सांगते. पहिला, त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. दुसरा, स्वयंभू संख्या. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे १५ ही २१ ची जनक. १०१ ला तर दोन जनक आहेत, ९१ आणि १००. पण २० ला जनकच नाही. कितीही शोधा, कोणत्याही संख्येपासून २० तयार होत नाही. ३१ चं तसंच, ४२ चं तसंच. अशा संख्यांना ते देवाच्या पिंडीला म्हणतात तसं स्वयंभू म्हणाले. तिसरा, हर्षद संख्या, म्हणजे आनंद देणाऱ्या. जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद. रामानुजनांमुळे प्रसिद्ध झालेल्या १७२९ च्या अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. तीही हर्षद. खुद्द ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन.

नावं पाहा. डोंबिवलीवरून डेम्लो, मग स्वयंभू, हर्षद. जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत आज 'हर्षद' हा शब्द तसाच छापला जातो. आपल्या बोलीतले शब्द देवळालीच्या एका मास्तराने जगाच्या गणितात नेऊन ठेवले.

निवृत्तीनंतरचा भाग लिहिताना हात जड होतो. १९६२ मध्ये नोकरी संपली. १९६६ मध्ये पत्नी गेल्या. पेन्शनवर भागेना. त्यांचं राहणं अत्यंत साधं, खर्च जवळजवळ नाहीच, तरी भागेना. मग वयाच्या साठीनंतर त्यांनी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्या. ज्यांचे निबंध परदेशी नियतकालिकांत छापून येत होते ते गृहस्थ मुलांच्या शिकवण्या घेऊन पोट भरत होते, आणि उरलेल्या वेळात पुन्हा आकडेच मांडत होते.

जगाला ते कळले १९७५ मध्ये. अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर गणिताच्या गमतींचं सदर लिहीत. जगभरचे गणितप्रेमी ते वाचत. त्या वर्षीच्या मार्चच्या अंकात गार्डनरनी कापरेकर आणि त्यांच्या संख्यांविषयी लिहिलं. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. आपल्याकडे काही लोक त्यांना आधीपासून 'गणितानंद' म्हणत. गार्डनरच्या लेखानंतर देवळालीच्या मास्तरांचं नाव परदेशातल्या वर्गांतही पोचलं. आज गणिताच्या पदवी विद्यार्थ्यांना छोटा संशोधन प्रकल्प द्यायचा असला की कापरेकरांची क्रिया हा प्राध्यापकांचा हमखास विषय असतो. समजायला पाच मिनिटं पुरतात, आणि प्रश्न संपता संपत नाहीत. पदवीच्या वर्गात केलेल्या कामासाठी बक्षीस मिळवलेला मुलगा आता स्वतःच पदवीच्या मुलांच्या संशोधनाचा विषय झाला आहे.

आता त्या १९२७ च्या बक्षिसाकडे परत येते. त्या बक्षिसामुळेच पुढचं सगळं घडलं असा माझा दावा नाही. आकड्यांचं वेड त्यांना लहानपणापासूनच होतं. पण मी स्वतःला विचारते, की कुणी हसत असताना, कुणी छापत नसताना, पगार बेताचा असताना माणूस आपल्या प्रश्नाला इतकी वर्षं कशाच्या बळावर धरून राहतो? तरुणपणी कुणीतरी जाणत्या माणसांनी एकदा गंभीरपणे म्हटलेलं असतं, की हे तुझं काम खरं काम आहे. मला वाटतं, तेवढी शिदोरी फार दिवस पुरते.

याच्या उलट काय होतं तेही आपण पाहिलं आहे. मी ज्या कॉलेजात इंजिनिअरिंग केलं त्याचं नाव इथे नको. तिथे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे जुन्या बॅचचा अहवाल नव्या कव्हरात बांधून देणं, असा सर्रास रिवाज होता. परीक्षकही कव्हर पाहून सही करत. चार वर्षांत कुणालाही एकदाही विचारलं गेलं नाही, की तुला काय जाणून घ्यायचं आहे. ती मुलं हुशार नव्हती असं नाही. त्यांच्या प्रश्नाला किंमत आहे असं त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या बॅचने शाळेसाठी जमवलेल्या निधीचं काय करायचं, हे संमेलनाच्या दिवशी ठरायचं आहे. डिजिटल फळा, पाण्याची टाकी, दहावीत पहिल्या येणाऱ्यासाठी ढाल, अशा सूचना आलेल्या आहेत. टाकी आणि फळा मला मान्य आहेत, ते व्हावेत. ढालीला मात्र माझा विरोध आहे. पहिल्या येणाऱ्याचं कौतुक करायला सगळं जग बसलेलं आहे, त्याला आपली गरज नाही.

ढालीच्या ऐवजी माझी सूचना अशी. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या आणि सध्या पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी दरवर्षी एक पारितोषिक ठेवावं. विज्ञान किंवा गणित, विषय कोणताही. अट एकच, की प्रश्न स्वतःचा हवा. उत्तर मिळालंच पाहिजे असं नाही. काय केलं, कुठे अडलं, याची प्रामाणिक वही मात्र हवी. रक्कम फार मोठी नसली तरी चालेल. ज्याला मिळेल त्याने शाळेत येऊन आठवी-नववीच्या मुलांसमोर अर्धा तास आपलं काम सांगावं. आणि परीक्षक बाहेरचे नकोत. आपल्याला विज्ञान आणि गणित शिकवलेल्या गुरुजनांनीच त्या वह्या वाचाव्यात. निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा असं ज्यांनी मला फोनवर विचारलं होतं, त्या आपल्या बाईंना मी हे उत्तर देते आहे असं समजावं.

पारितोषिकाला कापरेकर मास्तरांचं नाव द्यावं अशी माझी इच्छा आहे, पण नावासाठी माझा हट्ट नाही. संमेलनाच्या दिवशी दुपारच्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. विरोध करायचा असेल तर जरूर करा. फक्त येताना एक चार अंकी संख्या मनात धरून या, आणि माझ्याशी भांडण्याआधी तिच्या सात वजाबाक्या करून पाहा.